चोचीतला घास

एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या बुरोंडीच्या सड्यावर पायाखाली बघून चालावं. टिटवी घरटं असं बांधतच नाही. कातळावरच्या खडीत जरासा खळगा करते, कडेने चार खडे लावते आणि मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी घालते. बहुधा चार. दोन पावलांवर उभे असलात तरी ती दिसत नाहीत. दिसते ती डोक्यावर घिरट्या घालत शंख करणारी टिटवी. प्रसंगी टिटवीही समुद्र आटवते म्हणतात, ते या बाईला बघून पटतं. म्हैस अंड्यांच्या रोखाने चालून आली तर ही पंख पसरून तिच्या तोंडासमोर उभी ठाकते. ऊन फारच चढलं तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि तशीच अंड्यांवर बसते.

महिनाभराने पिल्लं बाहेर येतात आणि अंग वाळलं की चालायला लागतात. कापसाच्या बोळ्याला दोन काटक्या टोचाव्यात तसं ध्यान. धोका दिसला की आई ओरडते आणि पोरं असतील तिथे जमिनीला चिकटतात. मग शोधा म्हटलं तरी सापडत नाहीत. फोटो काढणाऱ्याला वाटतं, वा, काय शांत बसलंय. पण टिटवी पिल्लांना भरवत नाही. ती स्वतः हिंडून किडे टिपतात. तुम्ही तिथे उभे आहात तोवर पिल्लाचं जेवण बंद, आणि खाली तापलेला कातळ.

पावसाळ्यात हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडते. जूनमध्ये पाऊस धरला की कोकणात तिबोटी खंड्याची वीण सुरू होते. चिमणीपेक्षाही लहान अंगाचा पक्षी. जांभळा, निळा, पिवळा, केशरी असे रंग त्याने एकट्याने वाटून घेतलेले. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो हातभर, कधी मीटरभर लांबीचं आडवं बीळ खणतो. चिपळूणच्या अभ्यासकांनी त्याच्या विणीच्या बारीकसारीक नोंदी करून ठेवल्या आहेत. चार-पाच अंडी, नर-मादी दोघंही आळीपाळीने बसतात, सतराव्या दिवसाच्या सुमाराला पिल्लं निघतात आणि पुढे वीसेक दिवसांत बिळाबाहेर पडतात. म्हणजे भरवण्याचे दिवस वीसच. तेवढ्यात पाली, सापसुरळ्या, खेकडे, बेडूक, नाकतोडे असं काय काय पोटात जायला हवं.

या पक्ष्याचा सगळ्यात वाहवा मिळवणारा फोटो ठरलेला आहे. शेवाळलेली काटकी, मागे हिरवा अंधार आणि चोचीत सापसुरळी धरून बसलेला तिबोटी. मी असा फोटो बघतो तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो, तो बसून का राहिला? बिळात शिरण्यापूर्वी क्षणभर थांबून इकडेतिकडे बघणं ही त्याची रीतच आहे. पण पुढचे विसाएक फोटो त्याच काटकीवरचे, तीच सापसुरळी, चोचीत लोंबून मलूल झालेली, असे असतील तर उत्तर उघड आहे. समोर माणूस होता. बिळाचं तोंड दाखवायची त्याची तयारी नव्हती. आत चार पोरं भुकेली होती आणि बाहेर कॅमेरा प्रति सेकंद दहा फोटो काढत होता. आपण ज्याला वात्सल्य म्हणून मथळा देतो, ती खरं तर अडवणूक असते.

काही जण याच्याही पुढे जातात. फांद्या छाटून घरटं उघडं करतात, मोबाइलवर पक्ष्याचाच आवाज वाजवतात, फ्लॅश मारतात. छाटलेल्या फांदीची जागा उद्या कावळ्यालाही दिसते, हे यांच्या गावीही नसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. बंदूक लागत नाही.

मग बघायचंच नाही का? बघायचं तर! पक्षितज्ज्ञ सालिम अली १९३० मध्ये किहीमला राहिले आणि सुगरणींच्या वसाहतीसमोर आडोसा करून दिवसच्या दिवस बसले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर संसार मांडते आणि हा गडी पुढच्या घरट्याच्या मागे लागतो, हे त्यांना असं बसल्यामुळे उमगलं. तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती. पक्षिनिरीक्षणाला याहून चांगली पात्रता नसावी.

माझं मत विचाराल तर घरटं सोडून द्या आणि घरट्याबाहेर पडलेली पिल्लं बघा. गंमत खरी तिथेच आहे. अंगाने आईएवढं झालेलं बुलबुलाचं पोर पंख थरथरवत घास मागतं. दयाळाचं ठिपकेदार पिल्लू शेपटी उभी करायला बघतं आणि तोल जाऊन पडतं. पाणकोंबडीची काळीकुळकुळीत पोरं अळवातून एका ओळीने जातात. किनाऱ्यावर भली थोरली तपकिरी घार दिसली तर जरा थांबा. ते समुद्री गरुडाचं पोर असू शकतं. आईबापांचा पांढरा-राखाडी वेश त्याच्या अंगावर यायला काही वर्षं लागतात. यातलं पुष्कळसं आपल्या ओटीवर बसून दिसतं. चारशे मिलिमीटरची लेन्स असली तर उत्तमच, नसली तर दुर्बीण पुरते. पाखरू आपल्याकडे बघायचं थांबून आपल्या कामाला लागलं की अंतर बरोबर आहे. चोचीत घास घेऊन ते घुटमळत राहिलं तर उठावं आणि चार पावलं मागे जावं.

पावसाळ्यात शेजारपाजारचे हमखास विचारतात, “अहो, अंगणात पिल्लू पडलंय, खोक्यात घालून दूध पाजू का?” दूध नको, चोचीत पाणीही ओतू नका. पिसं आलेली असतील तर ते पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. मांजर-कुत्रं आवरा, पिल्लाला जवळच्या झुडपात ठेवा आणि घरात जा, आई येते. अगदी उघडंबोडकं असेल आणि घरटं दिसत असेल तर उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते हा समज खोटा आहे. जखमी असेल तर मात्र घरगुती उपचार करत बसू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.