बेरीज नव्हे, खातीं पाहावीं

सरकारी खर्च कमी करण्याचें वचन देणाऱ्या उमेदवारास मत देण्यापूर्वीं, तो कोणत्या खात्यांतून कमी होणार हें विचारावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. अमेरिकेचा दाखला या कामीं बोधप्रद आहे. १९३२ सालीं अध्यक्षपदाचे उमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं पिट्सबर्ग येथें भाषण करून खर्चांत शेंकडा २५ काटकसरीची हमी दिली व तत्कालीन अध्यक्ष हूवर यांस उधळे ठरविलें. ते निवडून आल्यावर मार्च १९३३ मध्यें काटकसरीचा कायदा झाला. कात्री लागली ती सरकारी नोकरांच्या पगारास व माजी सैनिकांच्या पेन्शनीस. दोनच महिन्यांनीं शेतीसाठीं निराळा कायदा होऊन, पेरा कमी करणाऱ्यास रोख मोबदला मिळूं लागला. एकूण खर्च घटण्याऐवजीं वाढलाच.

खर्च वाढला यास आम्ही दोष देत नाहीं. मालाचे भाव बसले असतां शेतकऱ्यास आधार देणें हें सरकारचें कर्तव्यच होय. परंतु दक्षिणेकडील कापसाच्या मुलखांत त्या मोबदल्याचा मोठा भाग जमीनमालकांच्या हातीं राहिला, आणि पेरा घटल्यामुळें अनेक वाटेकरी कुळें देशोधडीस लागलीं. आम्हां खातेदारांस हें कडू लागेल, तरी तें विसरतां कामा नये.

उतारा वाचतांना आपण क्षेत्र व आकार एवढेंच पाहून थांबत नाहीं. खातेदार कोण व कूळ कोण, हेंही पाहतों. अंदाजपत्रकासही तोच न्याय लावावा.