मोडक्या सुईची नोंद कोण ठेवणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका शाखेच्या मासिक सभेत एक विषय निघाला आणि सभेत हशा पिकला. विषयपत्रिकेवर वेतन आयोग होता, रिकाम्या जागा होत्या, क्वार्टर्सच्या गळक्या छतांचा जुनाच प्रश्न होता. आयत्या वेळच्या विषयांत एक ट्रॅकमन साथी उठला आणि म्हणाला, "आपल्या कॉलनीत कचरा उचलणाऱ्या बाईंच्या तळहातात शिवणाची मोडकी सुई घुसली. त्याचे काय करायचे?" मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे आता युनियनने सुया वेचायच्या का?" सभा हसली. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

साथी मात्र खाली बसला नाही. त्याने पुढे सांगितले, "ती सुई माझ्याच घरची होती." त्याची पत्नी कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. मशीनवर सुई मोडली, तिने ती चिंध्यांत टाकली, आणि सकाळी ड्यूटीवर जाताना चिंध्यांची पिशवी यानेच कोपऱ्यावर नेऊन ठेवली. बाईंनी पिशवी दाबून गाडीत भरली तेव्हा सुई हातात गेली. त्या ठेकेदाराच्या माणूस. तीन दिवस हात सुजला, तीन दिवसांचा रोज बुडाला. अपघाताची नोंद झाली नाही. सुई टोचणे हा काय अपघात आहे, असे त्यांना ऐकवण्यात आले.

एवढे ऐकल्यावर सभेत कोणी हसले नाही. आज आम्ही हा विषय या पानावर घेत आहोत. ज्यांना तो अजूनही क्षुल्लक वाटतो त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

प्रथम आपल्याच हातांकडे पाहू. टपालातल्या सॉर्टिंगच्या साथींना हे सांगायला नको. कोणीतरी कागदांना टाचणी लावून पाकीट बंद करतो, टाचणीचे टोक कागदाबाहेर आलेले असते, आणि गठ्ठा हातात घेताक्षणी ते बोटात शिरते. स्टेपलरच्या उघड्या राहिलेल्या पिनेचेही तेच. पाठवणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. पाकीट पेटीत पडले की आपोआप पोचते, अशी त्याची समजूत असते. पेटीच्या पलीकडे माणसाचा हात आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. आपण वर्षानुवर्षे या बेफिकिरीवर चिडत आलो. मग आपल्या घरातली सुई आपण कचऱ्याच्या पेटीत टाकतो, तेव्हा त्या पेटीच्या पलीकडे कोण असतो? तिथेही हातच असतो. फरक इतकाच, की त्या हाताला आपल्यासारखे सेवानियम नाहीत, रजा नाही, आणि बहुतेक ठिकाणी युनियनही नाही.

आणि सुया आपल्याकडे थोड्या नाहीत. रेल्वे आणि टपालाच्या वसाहतींत, भुसावळला असो की हुबळी, इंदूर, सिकंदराबादला, एका पगारात भागत नाही म्हणून घरोघरी शिवणयंत्रे चालतात. फॉल-पिको होतो, गणवेश शिवले जातात. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आजही हातसुईने घातल्या जातात. पार्सल ऑफिसात बारदान शिवायचे दाभण असते. पुठ्ठ्याची खोकी आणि चिकटपट्टी आली तरी कापडात शिवून, लाख लावून आलेले पार्सल आपण सर्वांनी हाताळले आहे. कॅरेज वर्कशॉपात सीटचे रेक्झिन शिवणारी मशीन असतात आणि कार्यालयांतल्या फायलींत टाचण्यांचा तर सडाच असतो. ही प्रत्येक सुई एक दिवस बोथट होते, वाकते किंवा मोडते. शिवणकाम जाणणारे सांगतात की मशीनची सुई सहा ते आठ तास शिवण झाल्यावर बदललेली बरी. म्हणजे ज्या घरात रोज मशीन चालते तिथे आठवड्याला दोनतीन सुया सहज निकामी होतात. त्या जातात कुठे? केरात.

आता ही जखम कशी असते ते पाहू. गंजकी सुई टोचली की धनुर्वात होतो असे आपण म्हणतो. खरा दोष गंजाचा नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात. सुईची जखम अरुंद आणि खोल असते, तिचे तोंड लगेच मिटते, आत हवा पोचत नाही, आणि हवा नसलेली जागाच या जंतूंना मानवते. म्हणून कचऱ्यात पडलेली चकचकीत सुईसुद्धा तितकीच वाईट. पण याहून मोठा त्रास वेगळा आहे. ज्याला टोचली त्याला ती सुई कसली हे कळत नाही. शिवणाची, की इंजेक्शनची? आज आपल्या कितीतरी साथींच्या घरात इन्शुलिन घेतले जाते, आणि त्या सुया त्याच पिशवीत जातात. अशी सुई टोचली तर हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही यांची भीती खरी असते. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे घ्यायची झाल्यास ती ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, सुरू करावी लागतात. कचरा उचलणाऱ्या बाईने हे कोणाला विचारायचे? रोज बुडवून कोणत्या रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे? आपली एक मोडकी सुई तिच्या घरी आठवडाभराची झोप उडवते, ती अशी.

"मग त्यांना हातमोजे द्या ना," असे काही साथी म्हणतील. हातमोजे दिलेच पाहिजेत, ती मागणी आपली आहेच. पण साध्या रबरी हातमोज्याला सुई अडत नाही. सुईचे कामच मुळी आरपार जाण्याचे आहे. तिला अडवायचे ते ती पिशवीत पडण्याआधी, म्हणजे आपल्याच घरात.

इथे एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. बेंगळुरू, तिरुपूर, गुरुग्राम येथे परदेशी मालाचे कपडे शिवणारे कारखाने आहेत. तिथे मशीनवर सुई मोडली तर कामगाराला नवी सुई तशी मिळत नाही. आधी मोडक्या सुईचे सगळे तुकडे शोधायचे, जुळवून पाहायचे आणि वहीत चिकटपट्टीने चिकटवून तारीख, वेळ, मशीनचा नंबर लिहायचा. एखादा तुकडा सापडला नाही तर आसपासचे कपडे बाजूला काढून तपासायचे. तयार माल धातू ओळखणाऱ्या यंत्राखालून जातो. हे सगळे कशासाठी? तर दूर देशातल्या एखाद्या मुलाला शर्टातली सुई टोचू नये म्हणून. नियम चांगला आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. मोडक्या सुईचा हिशेब ठेवता येतो. तो अवघड नाही, खर्चिक नाही. जिथे विकत घेणाऱ्याला टोचेल तिथे तो ठेवला जातो, आणि जिथे राबणाऱ्याला टोचेल तिथे ठेवला जात नाही, इतकेच. हा फरक आपण कामगारांनीही मान्य करायचा काय?

कायदा याबाबत अगदी गप्प राहिला असेही नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंजा यांना घरगुती घातक कचऱ्यात धरले आणि तो वेगळा ठेवण्याची जबाबदारी घरावरच टाकली. पण कागदावरचा नियम पिशवीपर्यंत पोचवायला माणसे लागतात. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांनी ओळखपत्रे मिळवली आणि आम्ही कामगार आहोत हे शहराला मान्य करायला लावले. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावे लागणार नाही, असे याच शहरात घरोघरी सांगितले गेले. हा ठिपका म्हणजे एका कामगाराने दुसऱ्याला दिलेला इशारा आहे. रेल्वेवाल्यांना सिग्नलचे महत्त्व आम्ही काय सांगावे?

आता करायचे काय? घरापुरते फार थोडे आहे.

शिवणाच्या जागी एक डबी ठेवावी. टाल्कम पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा सर्वांत उत्तम. त्याच्या भोकातून सुई आत सरकते, बाहेर येत नाही. नाहीतर घट्ट झाकणाची जाड प्लॅस्टिकची बाटली चालेल. काडेपेटी किंवा कागदाची पुडी मात्र नको, ती दाबली की फुटते. मशीनची सुई मोडली की टोकाचा तुकडा बहुधा मशीनच्या पोटात किंवा फरशीवर जातो. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक फिरवले की तो सापडतो. दोन्ही तुकडे डबीत. डबी पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी लावावी, वर मोठ्या अक्षरांत "सुया" लिहावे आणि भंगारवाल्याच्या हातात सांगून द्यावी. सुई पोलादाची असते, भट्टीत वितळून पुन्हा पोलादच होते. सुट्या सुईला भंगारात किंमत नाही, बंद डब्याला आहे.

इन्शुलिनच्या सुया या डबीत कधीही टाकू नयेत. त्यांची जाड प्लॅस्टिकची बाटली वेगळी असावी. ती भंगारात न देता रुग्णालयाच्या ताब्यातच द्यावी. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवण्याच्या नादात आपलेच बोट टोचून घेऊ नये.

सुई टाकण्यापूर्वी ती खरोखर निकामी झाली आहे का, हेही पाहावे. हातसुईला नुसती खरखर आली असेल तर बारीक एमरी पेपरवर टोक फिरवले की ती पुन्हा चालू लागते. वर्कशॉपातल्या फिटर साथींनी हे घरी करून दाखवावे. बोथट हातसुई नाडी ओवायला, मण्यांची माळ करायला उलट सोयीची, बोट टोचत नाही. कार्यालयातल्या न वाकलेल्या टाचण्या फाईल फोडताना काढून पुन्हा गादीवर लावता येतात. मशीनची बोथट सुई मात्र धार लावून पुन्हा मशीनवर चढवू नये, ती टाके सोडते आणि मोडून डोळ्याकडे उडू शकते. यात पैशाची बचत नावापुरतीच आहे. पण जी सुई केरात गेली नाही ती कोणाला टोचणार नाही, हा फायदा खरा.

आणि टोचलीच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, दाबून पिळू नये, तोंडात घालू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावी. आपल्या कॉलनीत कोणाला टोचल्याचे कळले तर शाखेच्या पदाधिकाऱ्याने त्यांच्यासोबत दवाखान्यात जावे. आपल्या ओळखीच्या दारात आपण उभे राहिलो की कामे होतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

घराबाहेरचे काम प्रशासनाचे आहे, आणि ते करवून घेणे युनियनचे. म्हणून रेल्वेत पीएनएमच्या बैठकीत आणि टपालात विभागीय मासिक बैठकीत शाखांनी पुढील मागण्या ठेवाव्यात:

१. प्रत्येक पार्सल ऑफिस, सॉर्टिंग कार्यालय, शिवण विभाग आणि रेकॉर्ड रूममध्ये सुया, दाभणे, टाचण्या व स्टेपल पिना यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवावा आणि तो रिकामा करण्याची जबाबदारी नेमून द्यावी.

२. रेल्वे रुग्णालये व आरोग्य केंद्रे यांनी कर्मचारी आणि पेन्शनर यांच्या घरच्या इन्शुलिनच्या सुया स्वीकाराव्यात. रुग्णालयात अशा सुयांची वेगळी व्यवस्था असतेच, तिचे दार घरच्या सुयांना उघडावे.

३. सफाईच्या कंत्राटात धनुर्वात व हिपॅटायटिस बीची लस, मोफत उपचार आणि उपचाराच्या दिवसांची पूर्ण मजुरी ही कलमे घालावीत.

४. सुई टोचणे हा अपघात मानून त्याची नोंदवहीत नोंद करावी, मग कामगार कायम असो वा ठेकेदाराचा.

चौथी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. जिची नोंद नाही ती जखम प्रशासनाच्या लेखी झालेलीच नसते. दफ्तराची ही रीत आपण सेवेत आल्यापासून पाहत आहोत. आपल्या ओव्हरटाइमची, आपल्या बदल्यांची नोंद व्हावी म्हणून आपण भांडलो. त्या बाईंच्या तळहाताची नोंद व्हावी म्हणूनही भांडले पाहिजे. ठेकेदारीविरुद्ध आपण गेटवर घोषणा देतो, पण ठेकेदाराकडे राबणारी बाई आपल्याच दारात रोज सकाळी येते. तिच्याशी आपली एकजूट आहे की नाही, हे घोषणेच्या आवाजावरून कळणार नाही. आपल्या पिशवीत काय आहे त्यावरून कळेल.

ज्या शाखेत हसू झाले होते, तिच्या कार्यालयात आता खिडकीशी एक पत्र्याचा डबा आहे. त्या साथीची पत्नी आपल्या गिऱ्हाइकांना सांगते आणि बायका मोडक्या सुया आणून त्यात टाकतात. डब्यावर तिनेच खडूने लिहिले आहे: "सुया. हात घालू नये."

प्रत्येक शाखेने असा एक डबा ठेवावा. पुढच्या द्वारसभेला येताना घरातल्या मोडक्या सुया बंद डबीत घालून आणाव्यात. सुरुवात तिथून करू.