कण देखणे, रुग्ण कुठे?

नॅनोकणांतून प्रतिजैविके देण्याविषयीचे लेख आमच्याकडे सतत येतात. कणाचा आकार, त्यावरचा विद्युतभार, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे देखणे छायाचित्र, सगळे असते. रुग्ण तेवढा नसतो. मुंबईत तरी असे होऊ नये, कारण या विद्येचे एक औषध इथल्याच महापालिका रुग्णालयात रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचले आहे.

केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूने अ‍ॅम्फोटेरिसिन-बी लायपोसोममध्ये बसवले. ते प्रतिजैविक नव्हे, बुरशीवरचे औषध. पण अडचण आपल्या ओळखीचीच होती. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन शिरेतून सुरू केले की रुग्णाला हुडहुडी भरे, ताप चढे आणि काही दिवसांत क्रिएटिनिन वाढू लागे. तेच औषध लिपिडच्या सूक्ष्म आवरणातून दिल्यावर मूत्रपिंडाला पुष्कळ कमी सोसावे लागले. ही पिवळसर कुपी देण्याआधी ध्वनिलहरींच्या पाण्यात ठेवावी लागे, म्हणजे हे काम वॉर्डातल्या माणसांना जमणे भाग होते. औषधशास्त्राचा विभाग आणि वॉर्ड एकाच आवारात असल्यामुळेच ते साधले, असे माझे मत आहे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत या प्रकारच्या इंजेक्शनासाठी नातेवाईक कसे वणवण फिरले, ते आपण सर्वांनी पाहिले.

आता क्षयाकडे वळू. क्षयाचा जंतू फुफ्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये दडून बसतो आणि बाहेरून आलेले कण गिळणे हा मॅक्रोफेजचा धर्म. औषध कणात भरायचे, ते पेशीने आपणहून आत न्यायचे, अशी ही कल्पना. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. जी. के. खुल्लर यांच्या गटाने २००३ मध्ये क्षयबाधित गिनीपिगांना औषधभरले नॅनोकण दर दहा दिवसांनी एकदा, असे पाच वेळा हुंगवले. रोज तोंडाने दिलेल्या ४६ मात्रांनी जे साधते तेच त्यातून साधले. फुफ्फुसात जंतू सापडले नाहीत. याला वीस वर्षे उलटून गेली, तरी क्षयावरचे असे औषध आपल्या दुकानात आलेले नाही. प्रत्येक बॅचमध्ये कण सारखे ठेवणे, ते निर्जंतुक करणे, आपल्या उन्हाळ्यात टिकवणे ही कामे किचकट, आणि गरिबाच्या आजारात पैसा घालायला कोण पुढे येतो? अमेरिकेत २०१८ मध्ये हुंगायचे लायपोसोमल अमिकासिन मंजूर झाले, तेही क्षयासाठी नव्हे, मॅक या त्याच्या भाऊबंद जंतूसाठी.

शिवाय नॅनोकण प्रत्येक प्रतिकार मोडत नाहीत. जंतू औषध बाहेर फेकत असेल किंवा ते आत शिरू देत नसेल, तर कणांचा उपयोग होऊ शकतो. पण आरपीओबी जनुकच बदलले असेल, तर रिफाम्पिसिन कितीही सुबक कणात भरा, ते चिकटायला जागाच नाही. म्हणून जनुकीय चाचणी आणि कल्चर आधी. धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत क्षयाचे बिनचूक प्रिस्क्रिप्शन फक्त सहा जणांना लिहिता आले होते. आपल्या दवाखान्यातली ही भोके बुजवल्याशिवाय नव्या औषधाची धारही लवकर बोथट होईल.

पवईच्या आयआयटीत औषधवाहक नॅनोकणांवर काम चालते, विलेपार्ल्यात फार्मसी महाविद्यालये आहेत, आणि औषधांना दाद न देणारा क्षय गोवंडीच्या गल्ल्यांत आहे. ही अंतरे काही मैलांची आहेत. घाटकोपर-मुलुंडच्या छातीरोगतज्ज्ञांनी पवईच्या प्रयोगशाळेत एकदा जाऊन यावे. संशोधकांनी वॉर्डात उभे राहून पाहावे.

संशोधक मित्रांना एक विनंती. तुमचे कण एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या जुन्या जंतूवर चालले, एवढ्यावर थांबू नका. मुंबईच्या रुग्णांकडून मिळालेल्या प्रतिरोधी जंतूंवर, नैतिक समितीची रीतसर परवानगी घेऊन, तपासा. त्यांच्यातले कोणते जनुक बदलले होते आणि एका मात्रेचा खर्च किती येईल, हेही लिहा. असे लेख आम्ही आधी छापू, निष्कर्ष नकारात्मक असले तरी.