शजरा कुणाचा, कागद कुणाकडे?

आपल्या समाजात शजऱ्याचं मोठं कौतुक असतं. सोयरीक जमवताना खानदान विचारलं जातं आणि कुणी ना कुणी आपलं घराणं थेट अरबस्तानापर्यंत नेऊन पोहोचवतो. पुरावा मागितला, तर 'बुजुर्ग सांगायचे' यापलीकडे काही हाती लागत नाही. वंश शोधायला माझा विरोध नाही. पण तो कशासाठी शोधायचा, हे विचारायला हवं. अमेरिकेत वसाहतकाळातलं आपलं घराणं शोधणारे लोक ज्या कागदांचा आधार घेतात, त्यांतले दोन असे: लग्नाचं जामीनपत्र आणि मृत्युपत्र. हे कागद नीट वाचले, तर आपल्यालाही त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना या इंग्रजांच्या वसाहतींत लग्नाचे दोन मार्ग होते. एक तर चर्चमध्ये तीन वेळा जाहीर पुकारा करायचा, नाहीतर परवाना काढायचा. परवान्यासाठी नवरदेव आणि एक जामीनदार मिळून लिहून देत की या लग्नाला कायद्याची हरकत नाही. निघाली तर आम्ही ठरलेली रक्कम भरू. पैसे आधी भरावे लागत नसत. जामीनदार पुष्कळदा मुलीचा बाप किंवा भाऊ असे. नॉर्थ कॅरोलिनात ही पद्धत 1741 च्या कायद्यापासून 1868 पर्यंत चालली. जिथे चर्चच्या नोंदवह्या टिकल्या नाहीत, तिथे आज हाच कागद वंश शोधणाऱ्याच्या कामी येतो.

आपला निकाहनामा या कागदाशेजारी ठेवून पाहा. निकाहनाम्यात वकील आणि गवाह असतात, पण वधूचा कबूलनामा लागतो आणि मेहर तिच्या नावे लिहिलेला असतो. जामीनपत्रात वधूचं नाव येतं, पण करार पुरुषांचा आणि सरकारचा. शिवाय त्यावरून लग्न ठरलं होतं एवढंच कळतं. ते लागलं की नाही, हे दुसरीकडे पाहावं लागतं. ते बापाच्या मृत्युपत्रात सापडतं. तिथे मुलीचा उल्लेख सासरच्या आडनावाने आला की दुवा जुळला. इंग्रजी कायद्यात लग्नानंतर बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई आणि त्याच्या संमतीशिवाय तिला सहसा मृत्युपत्र करता येत नसे. म्हणून त्या काळी बायकांनी केलेली मृत्युपत्रं बहुतेक विधवांची सापडतात.

इथे आपण लगेच छाती फुगवून सांगू की कुरआनने मुलीला हिस्सा दिला. दिला, हे खरंच आहे. पण किती भावांनी बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं, हे तलाठ्याच्या दप्तरात जाऊन पाहावं. आपलेही कागद आपल्याविरुद्ध साक्ष देतात.

त्या मृत्युपत्रांची खरी बोचरी बाजू पुढे आहे. जमीन, घोडे, पलंग, भांडी यांच्या यादीतच माणसांची नावं येतात. अमुक गुलाम थोरल्या मुलाला, तमुक बाई आणि तिला पुढे होणारी मुलं धाकट्या मुलीला. जी अजून जन्मली नाहीत, त्यांचीही वाटणी. व्हर्जिनियाने 1662 मध्येच कायदा केला होता की मूल आईच्या दर्जाचं ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम. या माणसांच्या लग्नाला कायद्यात स्थानच नव्हतं, म्हणून त्यांचं जामीनपत्रही नाही.

जॉर्ज वॉशिंग्टनचंच उदाहरण घ्या. 1759 मध्ये त्यांनी मार्था कस्टिस या विधवेशी लग्न केलं. तिचा पहिला नवरा मृत्युपत्र न करता वारला होता. त्यामुळे त्याच्या गुलामांतला एक तृतीयांश वाटा तिला हयातीपुरता मिळाला. 1799 मध्ये वॉशिंग्टननी मृत्युपत्र केलं, तेव्हा माउंट व्हर्ननवर 317 गुलाम होते. त्यांपैकी 123 त्यांचे स्वतःचे. त्यांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावं असं त्यांनी लिहिलं. मार्थाने त्यांना 1801 च्या पहिल्याच दिवशी मुक्त केलं. पण कस्टिस घराण्याच्या 153 जणांवर त्यांचा किंवा मार्थाचा तो अधिकार नव्हता. 1802 मध्ये मार्था वारली आणि ते तिच्या नातवंडांत वाटले गेले. दोन्ही गटांत आपसांत संसार झालेले होते. नवरा मुक्त आणि बायको-मुलं गुलाम, अशी ताटातूट एका लग्नाने आणि एका न लिहिलेल्या मृत्युपत्राने झाली.

याच वॉशिंग्टनच्या 1774 च्या करयादीत दोन बायकांची नावं आहेत: फातिमर आणि लिटल फातिमर. बहुधा मायलेकी. फातिमा हे नाव तिथे कसं पोहोचलं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्यांचा शजरा कुठल्या मशिदीत लिहिलेला नाही. तो मालकाच्या कराच्या कागदावर आहे.

गुलामगिरी संपल्यावर 1866 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने कायदा केला आणि मुक्त झालेल्या जोडप्यांनी कचेरीत जाऊन आपण किती वर्षं एकत्र राहतो याची नोंद केली. 1870 च्या जनगणनेत त्यांतल्या बहुतेकांची नावं पहिल्यांदा आली. त्याआधीच्या 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली सहसा फक्त वय, लिंग आणि रंग आहे. म्हणून आजच्या काळ्या अमेरिकन माणसाला 1870 च्या मागे जायचं तर मालकाचं मृत्युपत्र शोधावं लागतं. ते सहसा काउंटीच्या कोर्टाच्या दप्तरात किंवा राज्याच्या अभिलेखागारात असतं.

माझं म्हणणं इथे आहे. आपल्या पणजोबाचं नाव शोधायला मृत्युपत्र उघडणाऱ्याने खालची नावं सोडून पुढे जाऊ नये. ती नावं नीट उतरवून जाहीर करणं हे त्याच्यावरचं देणं आहे, उपकार नव्हे. कागद त्याच्या घराण्याचा असेल, पण त्यातली माणसं दुसऱ्या कुणाचे तरी पूर्वज आहेत. अमानत म्हणतात ती हीच.

आणि ही अमानत आपल्याकडेही आहे. काझी घराण्यांत जुन्या निकाहांची दप्तरं आहेत, घराघरांतल्या पेट्यांत वसीयतनामे आणि खरेदीखतं आहेत. पुष्कळ मजकूर फारसीत, उर्दूत आणि मोडीत आहे, वाचणारे कमी होत चाललेत, कागदाला वाळवी लागते आहे. त्यांत मेहरची रक्कम आहे, गवाहांची गावं आहेत, त्यांचे पेशे आहेत आणि शजऱ्यातून वगळलेल्या मुलींची नावं आहेत. अरबस्तान शोधण्याआधी पणजीचा निकाहनामा शोधा, त्याचा फोटो काढा, वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या. त्यात दुसऱ्या घराण्याचं नाव दिसलं, तर त्यांनाही कळवा.