बॅजर मारले, बिबटे हलवले

इंग्लंडमधल्या बॅजरच्या वादावर या स्तंभात लिहून आलं, तेव्हा अनेक वाचकांनी विचारलं होतं की तिकडच्या प्राण्याचं इथे काय काम? या आठवड्यात जुन्नर-शिरूरकडून पुन्हा तीच मागणी ऐकू आली: बिबटे पकडा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडा. त्या वाचकांना उत्तर द्यायला याहून चांगली वेळ नाही.

बिळांत राहणारा बॅजर हा प्राणी गाईंमध्ये क्षय पसरवतो असं धरून, तो आवरण्यासाठी इंग्लंडने २०१३पासून २,३०,०००हून जास्त बॅजर मारले. मजूर पक्षाच्या सरकारने ऑगस्ट २०२४मध्ये ही मोहीम २०२९पर्यंत गुंडाळण्याचं जाहीर केलं. शेतकरी आणि प्राणिप्रेमी, दोन्ही बाजू नाराजच राहिल्या. या भांडणात जे विसरलं जातं ते आधीच होऊन गेलं आहे. १९९८ ते २००५ या काळात तिथे असा एक प्रयोग झाला, की वन्यप्राण्यांवर निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा.

हा प्रयोग चालवणाऱ्या जॉन बोर्न यांच्या समितीने शंभर-शंभर चौरस किलोमीटरचे ३० पट्टे आखले. दहा पट्ट्यांत सरसकट बॅजर मारायचे, दहांत फक्त क्षय निघालेल्या शेतांच्या आसपासचे मारायचे आणि उरलेल्या दहांत एकालाही हात लावायचा नाही, असं ठरलं. यातला दुसरा मार्ग कोणालाही पटेल असा. जिथे रोग तिथेच कारवाई, तीही मोजकी. प्रत्यक्षात त्याच पट्ट्यांत गाईंचा क्षय सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि नोव्हेंबर २००३मध्ये तो मार्ग सोडून द्यावा लागला. सरसकट मारलेल्या पट्ट्यांच्या आत क्षय सुमारे २३ टक्के घटला, पण सीमेबाहेरच्या दोन किलोमीटरच्या कडेला तो सुमारे २५ टक्के वाढला. आतल्या शेतकऱ्याचं दुखणं शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलं.

असं का झालं, ते बॅजरच्या राहणीत आहे. बॅजर कुटुंब करून बिळांत राहतो आणि आपल्या टापूच्या शिवेवर विष्ठेसाठी छोटे खड्डे करतो. ही शीव शोधायची संशोधकांची रीत मोठी साधी आहे. शेंगदाणे आणि काकवीत रंगीत प्लॅस्टिकचे मणी कालवून ते बिळापाशी ठेवायचे, प्रत्येक बिळाला वेगळा रंग. मग खड्ड्यांतल्या विष्ठेत कोणत्या रंगाचे मणी सापडतात ते पाहून नकाशा काढायचा. जिथे बॅजर मारले गेले, तिथे हा नकाशाच विस्कटला. उरलेले बॅजर लांब लांब भटकू लागले, परक्या टापूंत शिरले, आणि त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाणही वाढलं.

आता जुन्नर. २००१ ते २००३ या काळात या भागातून अनेक बिबटे पिंजऱ्यांत पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीची आणि नंतरची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवली. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला सुरुवात झाल्यावर ही सरासरी १७वर गेली. जिथे बिबटे नेऊन सोडले, त्या भागांतही हल्ले सुरू झाले. उसाच्या फडात वर्षानुवर्षं वावरणाऱ्या, माणसांच्या वेळा माहीत असलेल्या जनावराला अनोळखी मुलखात टाकलं आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसऱ्या बिबट्यांसाठी सोडली.

बिबट्या बॅजरसारखा कुटुंब करून राहत नाही आणि क्षयाचा जंतू म्हणजे पंजा नव्हे, हे मान्य. ज्या घरातलं मूल बिबट्याने नेलं, त्या घराला आकडे ऐकवून गप्प करता येत नाही, हेही मान्य. म्हणूनच तर चिंता वाटते. तातडीचा म्हणून केलेला उपाय पुढच्या गावात आणखी एक मूल घेऊन जाणार असेल, तर तो उपाय म्हणायचा कसा?

इंग्लंडमध्ये उलटं सांगणारा पुरावाही आहे. २०१३नंतरच्या मोहिमेतल्या पहिल्या ५२ क्षेत्रांचा अभ्यास २०२४मध्ये आला, त्यात चौथ्या वर्षापर्यंत कळपांतला क्षय ५६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण त्याच वर्षांत गाईंच्या तपासण्याही कडक झाल्या होत्या, आणि घट नेमकी कशामुळे झाली ते अभ्यासकांना वेगळं काढता आलं नाही.

या स्तंभाचा जुना हट्ट इथेच येतो: आधी गाय तपासा. मानेवर दोन ठिकाणी केस भादरून दोन इंजेक्शनं देतात, तीन दिवसांनी पशुवैद्य कॅलिपरने कातडीची जाडी मोजतो. या चाचणीतून दर पाच बाधित जनावरांपैकी साधारण एक निसटतं, तेच पुढे विकलं जाऊ शकतं. २००१च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत चाचण्या थांबल्या, रिकामे गोठे न तपासलेल्या गाईंनी भरले गेले आणि कम्ब्रियासारख्या भागात क्षय पोहोचला. तिथे त्याला बॅजरने नेलं नव्हतं, विकत घेतलेल्या गाईंनी नेलं.

भारतात सुमारे २ कोटी १८ लाख गुरांना क्षय असावा, असा अंदाज २०१८च्या एका अभ्यासात आहे. बाधित जनावर मारण्याचा इंग्लंडचा मार्ग महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीमुळे गाईंच्या बाबतीत बंद आहे. राहतं ते तपासणं, बाधित गाय वेगळी बांधणं आणि दूध उकळून पिणं. लोणी किंवा चाकणच्या बाजारात गाय घेताना लोक दात बघतात, कास चाचपतात, धार काढून पाहतात. क्षयाची चाचणी केल्याचा कागद मागणारा क्वचितच भेटतो. दूध संघांनी निदान आपल्या सभासदांपुरती ती सोय करायला काय हरकत आहे?