विश्लेषण : लालबागच्या मंडईपर्यंत ‘रीफर’ का पोहोचत नाही?

मालवाहू ट्रकवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शीतवाहनांवर, म्हणजे ‘रीफर’वर, तो आधीपासूनच १८ टक्के होता. साध्या ट्रकच्या तुलनेत रीफरला मिळणारी करसवलत त्यामुळे संपली. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. मासळी, फळे, दूध थंड ठेवून नेणारी वाहने वाढावीत यासाठी अनुदानेही आहेत. तरीही मुंबईच्या मंडयांमधला बहुतांश नाशवंत माल आजही बर्फ आणि थर्माकोलच्या भरवशावर येतो. असे का?

रीफर नेमके काय करते?

घरचा फ्रिज गरम वस्तू थंड करतो, म्हणून रीफरही तेच करील, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रीफरचे यंत्र आधीच थंड केलेला माल तेवढाच थंड राखण्यासाठी बनवलेले असते. उन्हातला भाजीपाला थेट आत भरला, तर यंत्र रात्रभर चालूनही पेट्यांच्या मधला माल कोमटच राहतो. मालानुसार तापमानही बदलते. गोठवलेल्या मालाला उणे १८ अंश सेल्सिअस, ताज्या मासळीला शून्याच्या आसपास, द्राक्षांना शून्य ते दोन, तर केळ्यांना १३-१४ अंश लागतात. केळी चार अंशांवर ठेवली तर काळी पडतात. त्यामुळे ‘जे मिळेल ते भरू’ हा साध्या ट्रकचा धंदा इथे चालत नाही.

देशात तुटवडा किती?

नॅबकॉन्स आणि राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राच्या २०१५ च्या अभ्यासानुसार देशाला ६१,८२६ शीतवाहनांची गरज होती. रस्त्यावर होती दहा हजारांपेक्षा कमी. शीतगृहांची गरज मात्र बऱ्याच अंशी भागलेली होती. सर्वात मोठी दरी मालाच्या उगमाशी दिसली. माल निवडून, पूर्वशीत करून भरणारी ७०,०८० पॅकहाऊस हवी असताना होती केवळ २४९. यातूनच खरी अडचण कळते. माल थंड करायची सोय नसेल, तर थंड माल नेणारे वाहन कशाने भरणार?

खरेदी करताना काय पाहावे?

पहिला प्रश्न वाहनाच्या आकाराचा. मोठा ट्रेलर लांब पल्ल्याच्या आणि एकाच ठिकाणी उतरणाऱ्या मालासाठी योग्य. शहरात दहा ठिकाणी थांबायचे असेल तर दार उघडले की थंडावा जातो. अशा फेऱ्यांसाठी रात्री विजेवर गोठवून ठेवायच्या थंड प्लेटा असलेला छोटा टेम्पो बरा.

दुसरा प्रश्न यंत्राचा. ते गाडीच्या इंजिनावर चालत असेल तर इंजिन बंद होताच थंडावाही थांबतो. स्वतंत्र डिझेल इंजिन असलेले यंत्र महाग पडते, पण वाहतूक कोंडीत आणि गोदामाबाहेरच्या रांगेत तेच उपयोगी पडते. मोठ्या ट्रेलरचे यंत्र तासाला साधारण दोन ते चार लिटर डिझेल पिते.

तिसरी गोष्ट डब्याची. भिंतींतला पफ, दाराचे रबर, हवा खेळण्यासाठी खाचा असलेली फरशी हे सारे जुन्या गाडीत आधी तपासावे. पफमध्ये पाणी मुरले असेल तर नवे यंत्र बसवूनही उपयोग नाही. शिवाय तापमानाची आपोआप नोंद ठेवणारे उपकरण हवेच. माल खराब झाला तर दोष कुणाचा, हे त्या नोंदीवरूनच ठरते.

गणित कुठे फसते?

परतीच्या फेरीत. नाशिकहून द्राक्षे घेऊन आलेल्या गाडीला परत जाताना थंड माल मिळेलच असे नाही. मग ती रिकामी जाते किंवा साध्या मालाच्या भाड्यात जाते. हंगामाचाही प्रश्न आहे. द्राक्षे प्रामुख्याने जानेवारी ते एप्रिल. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हप्ते मात्र बारा महिने. भाडे कमी पडले की डिझेल वाचवण्यासाठी वाटेत यंत्र बंद ठेवण्याचे आणि मुक्कामाजवळ आल्यावर पुन्हा सुरू करण्याचे प्रकार घडतात. कागदावर वाहन शीत असते, माल मात्र चार-पाच तास तापलेला असतो. व्यापाऱ्याचा रीफरवरचा विश्वास उडतो तो इथेच.

द्राक्षांना जमले, मासळीला का नाही?

निर्यातीची द्राक्षे तोडल्यानंतर काही तासांत पूर्वशीत होतात, शीतगृहात थांबतात, रीफर कंटेनरमधून जेएनपीएला जातात आणि तिथे कंटेनरला वीज जोडली जाते. साखळीचा प्रत्येक दुवा जोडलेला आहे आणि त्याचा खर्च परदेशी ग्राहकाच्या दरातून निघतो.

मुंबईच्या घरगुती मासळीचे तसे नाही. बोटीवर बर्फात काही दिवस काढलेली मासळी पहाटे ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर उघड्यावर उतरते. तिथे लिलाव होतो. मासळी विक्रेत्या टपात माल घेतात, बर्फ विकत घेतात आणि चार-पाच जणी मिळून टेम्पो करतात. बोंबिलासारखी पाणीदार मासळी काही तासांतच मऊ पडते. २०२२ च्या नॅबकॉन्स अभ्यासात सागरी मासळीची काढणीपश्चात हानी ८.७६ टक्के आढळली. यातला मोठा भाग बोट, धक्का आणि मंडईतला ओटा यांवरचा आहे. रस्त्यावरची काही किलोमीटर त्यात नगण्य.

लालबागची अडचण काय?

लालबाग आणि बाजार यांचे नाते जुने आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाल्यावर हक्काच्या जागेसाठी इथल्या कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी नवस बोलला. १९३४ मध्ये बसलेला ‘लालबागचा राजा’ ही त्याचीच आठवण. भाऊचा धक्का इथून जवळ. त्या अंतरासाठी ट्रेलर कुणी आणणार नाही, आणि आणला तरी तो लालबागच्या गल्लीत वळणार नाही. दक्षिण मुंबईत दिवसा जड वाहनांवर निर्बंध आहेत ते वेगळेच. पण धक्का दूर गेला तर? २०२१ मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज मंडईतला घाऊक मासळी बाजार ऐरोलीला नेण्याच्या हालचालींना कोळी महिलांनी विरोध केला, त्यामागे हेच गणित होते. अंतर वाढले की बर्फ, भाडे आणि नासाडी वाढते, आणि ती किरकोळ विक्रेतीच्या पदरी पडते. लिलावानंतर माल तिचा, नुकसानही तिचेच.

मग अनुदान कशावर हवे?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शीतवाहनासाठी २५ लाख, उष्णतारोधक वाहनासाठी २० लाख, तर शीतपेटीसह तीनचाकीसाठी ३ लाख रुपये इतका खर्च गृहीत धरला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य मिळते. म्हणजे महिलेला तीनचाकीसाठी १ लाख ८० हजार रुपये मिळतात आणि उरलेले १ लाख २० हजार तिने उभे करायचे. चौघींच्या गटाने घेतली तर वाट्याला तीस-तीस हजार येतात. शीतवाहनात मात्र अनुदान वजा जाऊनही १० लाख उरतात, आणि दोन महिन्यांची मासेमारी बंदी त्याच हप्त्यांत मोजायची.

मोठे रीफर मोठ्या अंतरासाठी हवेतच. पावसाळ्यात परराज्यांतून येणारी मासळी, निर्यातीची फळे, आइस्क्रीम, औषधे यांना पर्याय नाही. पण लालबागसारख्या मंडईत एक टन बर्फामागचा खर्च, ओट्याशेजारी सामायिक शीतकक्ष आणि धक्क्यावर छप्पर यांनी जेवढी मासळी वाचेल, तेवढी ट्रेलरने वाचणार नाही. संध्याकाळी उरलेला माल दुसऱ्या दिवशी विकता आला, तर पडत्या भावाने विकून टाकण्याची वेळ विक्रेतीवर येणार नाही. शीतवाहनांची संख्या मोजताना हा शेवटचा दुवाही मोजायला हवा.