सुटलेली पायरी : प्रौढ अभियांत्रिकी विद्यार्थी आणि प्राथमिक गणित

अभियांत्रिकीच्या सायंकाळच्या वर्गात येऊन बसणारा तिशी-पस्तिशीचा विद्यार्थी हा आपल्या विषयात अगदीच नवखा नसतो. दिवसभर त्याने जळालेल्या मोटारीचे वाइंडिंग केलेले असते, लेथवर शाफ्ट कातलेला असतो, किंवा स्लॅबच्या सळ्या बांधून घेतलेल्या असतात. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग खराब झाले आहे हे तो सांगू शकतो. परंतु फळ्यावर एखादे समीकरण मांडले जाते, शिक्षक ‘हे उघडच आहे’ असे म्हणून पुढची ओळ लिहितात, आणि येथे या माणसाची लेखणी थांबते. पुष्कळदा त्याला अडवणारी गोष्ट मोठी नसते. दोन अपूर्णांकांची बेरीज कशी झाली, किंवा बरोबरच्या चिन्हापलीकडे जाताना पदाचे चिन्ह का बदलले, एवढेच त्याला उमगलेले नसते. विचारावे, तर शेजारचा विशीतला मुलगा हसेल अशी भीती वाटते. म्हणून तो विचारीत नाही. न विचारलेल्या प्रश्नांचा ढीग साचत जातो, आणि काही महिन्यांनी त्याचे बाक रिकामे दिसू लागते.

असा विद्यार्थी शिक्षण सोडून गेला म्हणजे ‘गणित त्याच्या बुद्धीला झेपले नाही’ असा निकाल सहज दिला जातो. हा निकाल अन्यायाचा तर आहेच. शिवाय तो बहुधा चुकीचाही असतो. अशा माणसाची बुद्धी कमी पडलेली नसते. शिक्षणाच्या जिन्यातील एखादी पायरी सुटलेली असते. ती कोणती हे शोधून बसवून देणे हे अभियांत्रिकी शिक्षणाचेच काम आहे.

गणिताची रचनाच अशी आहे की, त्यात खालची पायरी सुटली तर वरची लागत नाही. इतिहासात एका राजवटीचा धडा वाचावयाचा राहिला, तरी पुढच्या राजवटीचा धडा बराचसा समजतो. गणितात तसे होत नाही. अपूर्णांक कच्चे राहिले तर गुणोत्तर कच्चे राहते. गुणोत्तर कच्चे राहिले तर त्रिकोणमिती ही केवळ सूत्रांची यादी होऊन बसते. आणि त्यापुढील कलनशास्त्रात तर प्रत्येक ओळीला बीजगणिताचा आधार लागतो. शाळेत असताना महिना-दोन महिने आजारपणात गेलेले असतात, शेतीच्या हंगामात शाळा बुडालेली असते, किंवा शिक्षकांनी रीत पाठ करून घेतलेली असते पण तिचे कारण सांगितलेले नसते. कारण न समजता पाठ केलेली रीत वापर थांबला की विसरते. अशा स्थितीत दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती धरणाऱ्या माणसाची अडचण स्वाभाविक समजली पाहिजे.

ही अडचण प्रत्यक्षात कशी दिसते हे विद्युत्‌शास्त्रातील एका साध्या उदाहरणावरून लक्षात येईल. २ ओहम आणि ३ ओहम असे दोन रोध समांतर जोडले, तर एकूण रोध किती होईल? नियम असा की, १ ला प्रत्येक रोधाने भागावे, येणारे अपूर्णांक मिळवावे, आणि मग १ ला त्या बेरजेने भागावे. म्हणजे १/२ आणि १/३ यांची बेरीज करावयाची. गोंधळलेला विद्यार्थी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ अशी बेरीज करतो आणि एकूण रोध २.५ ओहम असे लिहून मोकळा होतो. खरी बेरीज ५/६ आहे व रोध ६/५, म्हणजे १.२ ओहम आहे. परीक्षक या विद्यार्थ्याला विद्युत्‌शास्त्रात नापास करतील. वस्तुतः तो चुकला आहे प्राथमिक शाळेच्या अंकगणितात.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. ज्याने हातांनी तारा जोडल्या आहेत, त्याला ‘विजेला जाण्यासाठी आणखी एक वाट करून दिली, तर अडथळा वाढेल की कमी होईल?’ एवढेच विचारावे. कमी होईल, असे तो तत्काळ सांगेल. मग उत्तर २ ओहमांपेक्षा लहानच आले पाहिजे, आणि २.५ हे उत्तर संभवतच नाही, हेही त्याच्या ध्यानात येईल. आता दोन्ही रोधांवर ६ व्होल्टचा दाब दिला आहे असे समजू. पहिल्यातून ३ अँपिअर प्रवाह जाईल, दुसऱ्यातून २, एकूण ५. आणि ६ ला ५ ने भागले म्हणजे १.२ हे उत्तर मिळते. शाळेत लसावि या नावाने पाठ केलेली ६ ही संख्या येथे विजेच्या दाबाचे रूप घेऊन समोर उभी राहते. छेद समान का करावे लागतात, हे त्याला कदाचित जन्मात प्रथमच कळते. प्रौढ विद्यार्थ्याजवळ अनुभवाचे जे भांडवल असते, ते गणित शिकविण्याच्या कामी असे लावता येते.

स्थापत्याच्या कामावरील मुकादमाचेही तसेच आहे. एक घमेले सिमेंट, दोन घमेली वाळू आणि चार घमेली खडी हे काँक्रीटचे प्रमाण त्याच्या बोटांवर असते. घमेले लहान असो वा मोठे, प्रमाण बदलत नाही हे त्याला ठाऊक असते. त्या घमेल्यालाच ‘क्ष’ म्हटले, तर क्ष, २क्ष आणि ४क्ष मिळून ७क्ष होतात, आणि बीजगणिताचे दार उघडते. मराठी मुलखातील जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत असत. बाजारहाट करणाऱ्यांचा हिशेब त्यावर चाले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अपूर्णांक आणि त्रैराशिक यांना मानाचे स्थान आहे. ज्या गोष्टीला आज ‘मुलांचे गणित’ म्हणून हिणवले जाते, ती आपल्या परंपरेत जाणत्या माणसांची विद्या मानलेली होती.

उशिरा शिकणे हे अभियांत्रिकीच्या इतिहासाला मुळीच अपरिचित नाही. जॉर्ज स्टीफन्सन यांचा जन्म १७८१ साली इंग्लंडमधील वायलम या खाणगावी झाला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. खाणीतील इंजिनावर काम करता करता, मजुरीतून फी भरून, ते रात्रीच्या शाळेत अक्षरे आणि अंकगणित शिकले. पुढे १८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन आणि १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर हे लोहमार्ग त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. तथापि त्यांच्याच चरित्रातील आणखी एक प्रसंग विसरता कामा नये. १८२५ मध्ये लिव्हरपूल मार्गाचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेपुढे आला, तेव्हा उलटतपासणीत पाहणीतील उंचीची मोजमापे चुकीची ठरली आणि तो प्रस्ताव फेटाळला गेला. पुन्हा पाहणी झाल्यानंतर १८२६ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. अनुभव कितीही दांडगा असला, तरी तो अचूक मापन आणि हिशेब यांची जागा घेऊ शकत नाही, हाच याचा अर्थ होय.

दुसरे उदाहरण ऑलिव्हर हेविसाइड यांचे. १८५० साली जन्मलेले हेविसाइड सोळाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडले आणि पुढे तार कंपनीच्या कामाला लागले. मॅक्सवेल यांचा विद्युत् आणि चुंबकत्व यांवरील ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो हेविसाइड यांच्या हाती पडला, तेव्हा त्यांचे गणित शाळेतील बीजगणित आणि त्रिकोणमिती यांपलीकडे गेलेले नव्हते, आणि तेही बरेचसे विस्मरणात गेले होते. ग्रंथ कळावा म्हणून त्यांनी लागेल ते गणित शिकून घेतले. त्यात काही वर्षे गेली. आज जगभरचे विद्यार्थी मॅक्सवेल यांची समीकरणे ज्या आटोपशीर स्वरूपात शिकतात, ते स्वरूप देण्यात हेविसाइड यांचा मोठा वाटा आहे. पायरी उतरण्याची त्यांनी लाज धरली असती, तर विज्ञानाचीच हानी झाली असती.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, आता कॅल्क्युलेटर आणि संगणक असताना अपूर्णांकांचा एवढा बाऊ कशाला? याचे उत्तर १९८३ सालच्या एका घटनेत आहे. कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचे इंधनदर्शक काटे नादुरुस्त असल्यामुळे इंधनाचा हिशेब हातांनी करण्यात आला. इंधनाचे लिटर किलोग्रॅममध्ये आणण्यासाठी सुमारे ०.८ ने गुणावयास हवे होते. गुणले गेले १.७७ ने. ही संख्या पौंडांची होती. परिणामी गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि त्याची दोन्ही इंजिने हवेतच बंद पडली. वैमानिकांनी गिमली येथील जुन्या धावपट्टीवर ते कौशल्याने उतरविले, म्हणून कोणाचा प्राण गेला नाही. गुणाकार बिनचूक होता. कशाने गुणावयाचे हे चुकले होते. तेवढे ठरविणे यंत्राचे काम नव्हे. उत्तर ‘अंदाजे एवढे यावे’ ही जाण ज्याच्या अंगी आहे, तोच यंत्राला जाब विचारू शकतो.

दुसरा आक्षेप दर्जाचा. महाविद्यालयात अपूर्णांक शिकवू लागलो तर पदवीची किंमत काय राहील, असे विचारले जाते. येथे आरंभ आणि शेवट यांची गल्लत होते. अखेरची परीक्षा एका गुणानेही सोपी करू नये. जिच्या कामावर पूल उभा राहणार आहे, त्या विद्येत सवलत नसावी. मात्र तेथपर्यंत पोहोचण्याची वाट जेथून विद्यार्थी उभा आहे तेथूनच सुरू झाली पाहिजे. दर्जा खरोखर घसरतो तो पायरी न बसविता वरच्या मजल्यावर ढकलल्यामुळे. कारण मग विद्यार्थी सूत्रे घोकून कसाबसा उत्तीर्ण होतो आणि तीच पोकळी घेऊन कामावर जातो.

भारतात या प्रश्नाचे मोल विशेष आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० साली स्थापन झाली, आणि तिच्या परीक्षांना बसून नोकरी करता करता अभियंता होण्याचा मार्ग कित्येकांनी धरला. पदविकाधारकांना पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. पण पहिल्या वर्षाचे गणित त्यांच्या हातून निसटलेले असते. दार उघडले, परंतु उंबऱ्याशी पायरी ठेवली नाही, अशी ही स्थिती आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. प्रवेशानंतर एक गुणरहित चाचणी घ्यावी. तिचा हेतू कोणती पायरी सुटली आहे एवढेच शोधण्याचा असावा. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत अपूर्णांक, गुणोत्तर, घातांक, सूत्रातील पदांची अदलाबदल आणि एककांचे रूपांतर हे भाग नियमित वेळापत्रकातच शिकवावे, आणि उदाहरणे विद्यार्थ्यांच्या व्यवसायातून घ्यावी. सार्वजनिक ग्रंथालयांनी पाचवी ते दहावीची गणिताची पुस्तके बालविभागात न कोंडता प्रौढांच्या कपाटातही ठेवावी, म्हणजे ती मागताना कोणाला संकोच वाटणार नाही. शाळांनी रीतीबरोबर तिचे कारणही शिकवावे; आजचा विद्यार्थीच उद्याचा प्रौढ आहे. विद्यार्थ्याच्या अंगावरही जबाबदारी आहेच. रोज अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावाचून आणि प्रत्येक उत्तराचा आधी अंदाज बांधल्यावाचून हे गणित कोणालाही आलेले नाही.

इमारतीला तडा गेला म्हणजे शहाणा अभियंता गिलावा करून तो झाकीत नाही. तो पाया उकरून पाहतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण ते त्याचे कामच असते. प्रौढ विद्यार्थ्याने आपल्या गणिताकडे, आणि शिक्षकांनी त्या विद्यार्थ्याकडे, याच दृष्टीने पाहावे. तसे झाले तर सायंकाळच्या वर्गातील ते बाक रिकामे पडण्याचे कारण उरणार नाही.